छातीएवढं कडवळ

या घरात कडवळ कधी कापायचं ते आबांची छाती ठरवायची.

सकाळी उठून ते विहिरीपलीकडच्या, वैरणीच्या हिरव्या ज्वारीच्या वाफ्यांकडे जायचे, चपला बांधावर काढायचे आणि पिकात शिरून मधोमध नुसते उभे राहायचे. हात खाली सोडलेले, नजर समोर. पानांची टोकं सदऱ्याच्या दुसऱ्या गुंडीला लागली की वळून सांगायचे, "उद्या विळा." त्याआधी गुरांनी हंबरून गोठा डोक्यावर घेतला तरी कडवळाचं एक ताट आत यायचं नाही. कोवळ्या कडवळात विष असतं. किरळ म्हणतात त्याला. पाण्याचा ताण पडलेल्या आणि बुडातून नव्यानं फुटलेल्या कडवळात ते जास्त, हे आजूबाजूला लहानथोर सगळ्यांना ठाऊक होतं. पण उपाशी जनावर तोंडाकडे बघायला लागलं की ठाऊक असलेलंही विसरायला होतं, आणि दर उन्हाळ्यात कुणाच्या तरी दावणीचा एखादा खुंटा मोकळा व्हायचा. आबांच्या दावणीचा कधी झाला नव्हता. ते स्वतः त्याबद्दल बोलायचे नाहीत. दुसरं कुणी बोललं की मात्र जागचे हलायचे नाहीत, पुरतं ऐकून घ्यायचे.

सून या घरात आली तेव्हा तिला कडवळ आणि मका यांतला फरकही सांगता यायचा नाही. शहरात वाढलेली, कॉलेज केलेली. आता ती धार काढायची, शेण भरायची, कालवडीच्या कानातल्या गोचड्या वेचायची. निवांत बसणं तेवढं तिला जमलं नव्हतं. काहीतरी बिघडणार आहे आणि ते आधी आपल्यालाच दिसणार आहे, असं तिला सारखं वाटायचं. मुलगी झाल्यापासून तर जास्तच. मुलगी नुकतीच बसती झालेली, अंगानं काडी. आबांनी तिचं नाव भोपळी ठेवलं होतं, हाका मारून मारून तरी अंग धरेल म्हणून. सुनेचं दूध लवकर आटलं. भोपळी वाढत होती ती गोठ्यातल्या पांढरीच्या दुधावर.

तिच्या काळजीची घरात चेष्टा व्हायची, आणि त्याला कारणही होतं. एकदा भर दुपारी तिला कालवड मान पोटाकडे वळवून पडलेली दिसली. हाक मारली, उठेना. हिनं गुरांच्या डॉक्टरला फोन केला, फोनवरच रडली. डॉक्टर जेवणावरून उठून मोटरसायकल हाणत आला. त्याच्या बुटांच्या आवाजानं कालवड जागी झाली, उभी राहिली, अंग ताणलं आणि त्याची बॅग चाटायला लागली. डॉक्टर बॅग पुसता पुसता आबांकडे बघून हसला. त्या दिवसापासून सासू तिला घंटी म्हणायला लागली. "आमची सून म्हणजे सायकलची घंटी. रस्ता मोकळा असला तरी वाजणार." बोलण्यात विखार नव्हता. सासू दिवसभर अशी कुणाची ना कुणाची टोपी उडवतच कामं उरकायची. पण सून तेव्हापासून मनात आलेलं लगेच बोलेनाशी झाली. आधी दहादा तपासून बघायची, मग तेही गिळायची.

दावणीला जनावरं तीन. पांढरी दुभती. कालवड तिचीच. आणि कडेला म्हातारी, आटून गेलेली, शिंगांची टोकं झिजलेली गाय. म्हातारी सासूची. तिनंच कासरा धरून तिला या घरात आणली होती. म्हातारीला विकायचा विषय कुणी काढला की सासू उठून आत जायची आणि भांड्यांचा आवाज वाढायचा. वैरण टाकायचा क्रम ठरलेला. पहिली पेंढी म्हातारीची, मग पांढरीची, मग कालवडीची. म्हातारीनं घरासाठी करायचं ते करून झालंय, तिनं वाट बघायची नाही, असं आबा म्हणायचे.

थंडीत आबा वैरणीच्या गंजीवरून पडले. पाठीवर पडले ते किती तरी दिवस अंथरुणातून उठले नाहीत. पुन्हा चालतील की नाही असं झालं होतं. मग एका सकाळी भिंत धरत धरत ते अंगणापर्यंत आले, आणि घरातल्या सगळ्यांना इतका आनंद झाला की ते कसे उभे आहेत हे कुणी पाहिलं नाही. किंवा पाहिलं, पण उभे आहेत ना, यावरच थांबले. आबांची कंबर मोडल्यासारखी झाली होती. उंचापुरा माणूस, आता पुढे झुकून चालायचा, जमिनीवर पडलेलं काहीतरी शोधत असल्यासारखा.

मग घरातल्या वस्तू हळूहळू खाली यायला लागल्या. त्यांच्या सदऱ्याची खुंटी एका दुपारी सासूनं स्वतः हातोडी घेऊन खाली ठोकली आणि वरचं भोक मातीनं बुजवलं. सून दारात उभी दिसली तेव्हा म्हणाली, "काय बघतेस? हलत होती ती." दाढीचा आरसा खाली आला. कपड्यांची दोरी खाली आली. पाण्याचं पिंप तिवईवरून उतरून जमिनीवर बसलं. यातलं आबांना काही कळलं असेल असं वाटत नव्हतं. त्यांचा हात जिथं जायचा तिथं वस्तू असायची.

खाली न आलेली एकच गोष्ट होती, गोठ्याच्या दारावरची आडवी तुळई. ती मुळातच बसकी. आबा आयुष्यभर तिच्याखाली मान घालून आत जायचे. चुकून विसरले की कपाळावर टेंगूळ यायचं आणि सासू म्हणायची, तुळईला लागलं का बघा. आता ते मान न घालता सरळ आत जायचे. सुनेनं हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिच्या हातातली बादली जड झाली.

उन्हाळा चढला तसं विहिरीचं पाणी खाली गेलं. कडवळाची पहिली कापणी आबा अंथरुणात होते तेव्हा मुलानं, सुनेच्या नवऱ्यानं, केली होती, पीक फुलोऱ्यावर आलेलं बघून. दुसरं पीक फुटलं आणि पाण्यानं हात टेकले. मोटर थोडा वेळ चालायची, मग नुसता खरखराट. वाफे होरपळले. पानं दुपारी सुरळीसारखी वळायची आणि सकाळी अर्धवट उलगडायची. मग एक दिवस विहिरीत थोडं पाणी साठलं, ते सगळं मुलानं पहिल्या वाफ्याला दिलं. दोन-चार दिवसांत बुडातून हिरवेगार फुटवे निघाले. लांबून बघितलं तर डोळे निवावेत असा रंग.

तोवर सुका चारा संपत आला होता. गंजीच्या जागी जमिनीवर एक फिकट गोल राहिला होता आणि त्यावर कोंबड्या उकरत होत्या. सासू कडब्याचं खालचं काळं पडलेलं झटकून टाकायची. गुरं ते हुंगायची आणि माणसांकडे बघायची. पांढरीच्या कुशीत खड्डे पडले. दूध निम्म्यावर आलं. सून भोपळीचं दूध आधी मापून बाजूला काढायची आणि राहिलेलं कॅनमध्ये ओतताना नवऱ्याकडे बघायची नाही. नवरा दुधाच्या टेम्पोवर होता. गोठ्यागोठ्यातून दूध गोळा करत फिरायचा, तेव्हा स्वतःच्या घरचा कॅन इतका हलका उचलताना त्यालाही कसंतरी व्हायचं.

त्या सकाळी आबा वाफ्यात शिरले. सून भोपळीला कडेवर घेऊन बांधावर उभी होती. आबा मधोमध जाऊन थांबले. हात खाली सोडले. वारा आला, पानं हलली आणि सदऱ्याच्या दुसऱ्या गुंडीला लागली.

"उद्या विळा," आबा म्हणाले. आवाजात सुटकेसारखं काहीतरी होतं. ते तसेच झुकून गोठ्याकडे गेले, गुरांना सांगायला गेल्यासारखे.

सून मागे राहिली. तिनं चपला काढल्या आणि आबा उभे होते तिथंच जाऊन उभी राहिली. पानं तिच्या कमरेशी होती. कमरेच्याही जरा खाली.

गेल्या उन्हाळ्याचं तिला आठवलं. तेव्हा भोपळी पोटात होती. आबांना चहाला बोलवायला ती आली होती, आणि वाफ्यात शिरायला घाबरली होती, कारण पानं तिच्या हनुवटीपर्यंत होती आणि आत काय असेल ते दिसत नव्हतं. आबा आतून हसून म्हणाले होते, ये की, वाघ नाही आत. तेव्हाही पानं त्यांच्या दुसऱ्या गुंडीलाच लागलेली होती.

ती खाली वाकली. जुनी ताटं बोटाएवढी जाड, करपलेली. त्यांच्या बुडाशी गुडघ्याएवढे फुटवे, दाट, लुसलुशीत. भोपळीनं हात पुढे करून एक पान पकडलं आणि तोंडाकडे नेलं. सुनेनं ते असं हिसकावलं की मुलगी रडायला लागली.

दुपारी नवरा कॅन विसळत होता तेव्हा तिनं विषय काढला. सरळ नाही. म्हणाली, कडवळ जरा बुटकं वाटतंय, अजून आठवडाभर थांबलं तर? तो म्हणाला, आठवडाभर गुरांना काय वर्तमानपत्र घालू? ती म्हणाली, बुडात फुटवे आहेत. तो म्हणाला, आबांनी बघितलंय ना. मग कॅनमध्ये हात तसाच ठेवून म्हणाला, "अगं, बाकी सगळं सुटलं त्यांच्या हातातून. टेम्पो मी चालवतो, मोटर मी चालू करतो, बाजार मी करतो. एवढं एकच त्यांचं राहिलंय. त्यात तू नको शिरूस."

तो वाईट नव्हता. तो म्हणाला ते खरंही होतं. म्हणूनच ती गप्प बसली.

संध्याकाळी सासूजवळ चुलीशी बसून तिनं पुन्हा धीर केला. या वेळी जरा उघड. म्हणाली, आई, आबा छातीनं मोजतात, पण आता त्यांची छाती... आणि थांबली. सासूनं हातातली काटकी चुलीत सारली. तिला कळलं होतं. खुंटी ठोकणारीला कळणारच.

"ते मला विचारतात," सासू हळू आवाजात म्हणाली, "मी पूर्वीसारखा दिसतो ना? मी हो म्हणते. रोज हो म्हणते. तू बोलू नकोस, घंटी. माझ्या गळ्याची शपथ आहे तुला."

कडवळाचं काय, हे दोघींपैकी कुणीच बोललं नाही. सासूनं स्वतःचं समाधान केलं असावं की इतकी वर्षं ज्याला कळलं त्याला याही वर्षी कळेल. आणि सुनेनं स्वतःला सांगितलं की आपण कालवडीच्या झोपेलाही मरण समजतो. तिच्या भीतीला घरात किंमत नव्हती हे खरंच, पण त्या दिवशी तिनं स्वतःही दिली नाही.

सकाळी नवरा टेम्पो घेऊन गेला आणि आबांनी विळ्याला धार लावली. कापायला सासू आणि सून. आबा बांधावर बसून पेंढ्या बांधत होते. फुटवे विळ्याखाली कच्चकन तुटायचे आणि बोटांना ओलं लागायचं. एवढ्या उन्हात इतकं ओलं. सुनेनं एक शेवटचा प्रयत्न केला. म्हणाली, आबा, दिवसभर उन्हात पसरून ठेवूया, सुकलं की संध्याकाळी घालू. सुकलं की जोर कमी होतो म्हणतात. आबा हसले. बऱ्याच दिवसांनी हसले. म्हणाले, पोरी, सुकंच खाऊन कंटाळलीत ती, त्यांच्या तोंडाला आज पाणी सुटू दे.

हिरव्याचा वास आधीच गोठ्यात पोचला होता. तिन्ही जनावरं दावं ताणून उभी होती. कालवड तर मागच्या पायांवर नाचत होती. आबा पेंढी काखेत मारून तुळईखालून आत गेले. मान घातली नाही. पेंढी सोडली आणि म्हातारीच्या गव्हाणीत पसरली. तिच्या कपाळावर दोन बोटं फिरवली. म्हातारी खायला लागली, चावायची सवड न घेता.

सून दारात होती, भोपळी कडेवर. ओरडावं असं तिला वाटलं, पण तोंड उघडेना. आबा तिच्या अंगावरून बाहेर गेले, दुसरी पेंढी घेऊन आले आणि पांढरीकडे वळले.

तेव्हा भोपळीनं पांढरीकडे बघून दोन्ही हात पुढे केले, रोज करायची तसे. सून पुढे झाली आणि पांढरीच्या गव्हाणीपुढे उभी राहिली.

"बाजूला हो, पोरी."

"ही नको, आबा. कोवळं आहे."

"छातीला लागलं होतं."

"लागलं होतं," ती म्हणाली. "आबा, तुम्ही वाकलात."

सासू शेणाची पाटी घेऊन मागे आली होती. तिनं ऐकलं. पाटी खाली ठेवायची सोडून ती तशीच उभी राहिली. आबांनी सुनेकडे बघितलं, मग सासूकडे. सासूनं नजर खाली घातली, आणि तेवढ्यानं त्यांना कळलं. त्यांनी पेंढी टाकली नाही, हळूच जमिनीवर ठेवली. मग ते मागे वळले, तुळईखाली जाऊन उभे राहिले आणि हात वर केला. ज्या लाकडावर आयुष्यभर कपाळ आपटलं, त्याच्या आणि डोक्याच्या मधल्या मोकळ्या जागेत त्यांचा हात काही वेळ फिरत राहिला.

तिघांचीही नजर त्या हातावर होती. म्हणून चघळण्याचा आवाज थांबलेला कुणाच्या लक्षात आला नाही.

आधी सासूला दिसलं. म्हातारीनं तोंड उघडलं होतं, आणि त्यातून पान लोंबत होतं. बरगड्या भात्यासारख्या चालल्या होत्या. मग मांड्यांचं मांस थरथरायला लागलं, तोंडाला फेस आला, आणि पुढचे पाय दुमडून ती गव्हाणीवर हनुवटी आपटत खाली गेली. सासूनं पाटी टाकून तिची मान मांडीवर घेतली. आबांनी गव्हाणीतलं उरलेलं दोन्ही हातांनी ओढून बाहेर फेकलं. झुकलेलं अंग, त्यात घाई, ते दोनदा भेलकांडले. सून मुलीला घेऊन फोनकडे पळाली.

डॉक्टरनं फोन उचलला आणि तिचा आवाज ओळखला. "आज कोण झोपलंय?" असं त्यानं विचारलं.

ती म्हणाली, "किरळ." तिकडून मोटरसायकलला मारलेली किक तिला फोनमधूनच ऐकू आली.

तो आला तोवर म्हातारीचे पाय ताठ झाले होते. त्यानं शिरेत इंजेक्शन दिलं, कारण सासू बघत होती. मग सुई काढून घेतली आणि गाईच्या डोळ्यापुढे हात फिरवून उठला. पांढरीचा ओठ उलटून बघितला, कालवडीचा बघितला. बाहेर पडलेल्या चाऱ्यातला एक फुटवा उचलून गुडघ्याशी धरला आणि खाली टाकला. बाकीच्या दोघींना नाही घातलं हे बरं केलंत, म्हणाला. कुणी थांबवलं?

आबा गोठ्याच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसले होते. सासूनं मान वर न करता हात सुनेकडे केला.

डॉक्टर गेल्यावर सासू बोलली. मांडीवरची मान अजून खाली ठेवली नव्हती. "एक पेंढी आधी बोलली असतीस," ती म्हणाली. मग बराच वेळ म्हातारीचे डोळे मिटायचा प्रयत्न करत राहिली. ते मिटत नव्हते. "मीच शपथ घातली होती," असं ती त्यानंतर म्हणाली, पण ते सुनेला उद्देशून नव्हतं.

म्हातारीला पुरलं त्या दिवसापासून आबा वाफ्यांकडे गेले नाहीत. सकाळी अंगणात बसायचे, कुणी काही विचारलं तर हूं करायचे. सुनेशी ते बोलत नव्हते असं नाही. कुणाशीच बोलत नव्हते. नवरा ज्या गोठ्यांतून दूध उचलायचा त्यांच्याकडेच हात पसरून कडब्याची एखाददुसरी पेंढी मागून आणायचा. टेम्पोच्या पाठीमागे कॅनांमध्ये खोचलेली ती पेंढी घेऊन घरी येताना त्याचा चेहरा लाल झालेला असायचा. लोक द्यायचे. आणि देताना विचारायचे, आबांच्या दावणीला कसं काय हो झालं? तो म्हणायचा, वय झालं होतं. सून हे ऐकायची आणि तिला कळायचं नाही की हे गाईबद्दल आहे की आबांबद्दल.

कापून टाकलेलं कडवळ उन्हात वाळून पिवळं पडलं. त्याला कुणी हात लावला नाही. पांढरीचं दूध आता भोपळीपुरतंच यायचं, कॅन रिकामाच परत जायचा. सून रात्रंदिवस एकच हिशोब करायची. बोलले ते बरोबर होतं आणि उशिरा होतं, यातलं कुठलं मोठं? त्याचं उत्तर तिला कधी एक वाटायचं, कधी दुसरं.

मग एका सकाळी आंघोळ करून आबा आत आले आणि सदरा घ्यायला खुंटीपुढे उभे राहिले. हात सदऱ्यावर होता, पण त्यांनी तो काढला नाही. नजर भिंतीवर जरा वर गेली. मातीनं बुजवलेला गोल तिथं स्पष्ट दिसत होता, भिंतीपेक्षा वेगळ्या रंगाचा.

"हे कुणी खाली घेतलं?"

"मी," सासू म्हणाली.

"आरसा?"

"तोपण."

"अजून काय काय?"

सासूनं सांगितलं. दोरी सांगितली, पिंप सांगितलं, बाजेचे पाय कापून घेतले ते सांगितलं, सदऱ्यांची पुढची शिवण आत घेतली तेही सांगितलं. ते सांगताना तिचा आवाज फुटला, कारण हे इतकं आहे हे तिलाही आत्ताच, मोजताना, कळत होतं. आबा ऐकत राहिले. मग त्यांनी मुलाकडून हातोडी मागितली.

खुंटी त्यांना वर ठोकता येईना. मुलानं ठोकली, जुन्याच भोकात, बुजवलेली माती खरवडून. आबांनी सदरा त्याच्याकडे देऊन वर अडकवायला लावला.

"होती तिथं असू दे," ते म्हणाले. "मला रोज कळलं पाहिजे."

त्यानंतर रोज सकाळी ते खुंटीखाली उभे राहायचे, एकदा हात वर करून बघायचे आणि मग हाक मारायचे. सासूला नाही. सुनेला. "घंटी, सदरा दे." घंटी हा शब्द ते पहिल्यांदाच वापरत होते. ती काढून द्यायची. त्यात चेष्टा असते की नाही हे तिला त्यांच्या तोंडावरून कधी समजलं नाही, आणि तिनं शोधलंही नाही.

विहिरीत पुन्हा थोडं पाणी साठलं. ते दुसऱ्या वाफ्याला गेलं, मग पुन्हा एकदा गेलं. वाफा वाढायला लागला. मागून आणलेला कडबाही आता मिळेनासा झाला होता, देणाऱ्यांच्याच गंजी संपल्या होत्या. पांढरी उभ्या उभ्या गव्हाणीची माती चाटायची. एका सकाळी सदरा अंगात घालून झाल्यावर आबा म्हणाले, चल. विळा त्यांच्या हातात होता.

सून भोपळीला घेऊन मागोमाग गेली. बांधावर आबांनी चपला काढल्या नाहीत. तिला म्हणाले, आत जा.

ती आत शिरली. पानं दंडाला घासत होती. मधोमध जाऊन थांबली.

"पोरीला खाली दे माझ्याकडे. कडेवर घेतलीस की एका अंगाला झुकतेस." चपलांनिशी आत येऊन भोपळीला घेताना ते आणखी वाकले, पण मुलगी त्यांच्या खांद्याला नीट चिकटली. "आता सरळ उभी राहा. माझी छाती म्हणजे तुझी हनुवटी. मी मोजलंय. तुळईवर मोजलंय."

ती सरळ उभी राहिली. वारा नव्हता. पानांची टोकं तिच्या खांद्याला लागत होती. काही खांद्याच्या वर होती. मान जरा खाली केली असती तर हनुवटीलाही लागली असती, आणि ते तिच्याशिवाय कुणाला कळलं नसतं. गोठ्यातून पांढरी हंबरली. मग कालवड. भोपळीनं आबांच्या खांद्यावरून आवाजाकडे मान वळवली आणि कुरकुरली. तिची दुधाची वेळ झाली होती.

विळा धरलेला हात खाली सोडून आबा तिच्या तोंडाकडे बघत होते. इतकी वर्षं लोक त्यांच्या तोंडाकडे बघायचे तसे.

सुनेला आयुष्यात कधी नाही एवढी भीती वाटली. आज नाही म्हटलं आणि पांढरी भुकेनं बसली तर? हो म्हटलं आणि...

"अजून नाही, आबा," ती म्हणाली.

आबांनी मान हलवली. भोपळीला नीट वर घेतलं, विळा बांधावरच्या दगडाआड ठेवला आणि हंबरण्याच्या दिशेनं चालायला लागले, तसेच झुकून, सावकाश. सून वाफ्यातून लगेच बाहेर आली नाही. पानांमध्ये ती तशीच उभी होती, जेवढं सरळ उभं राहता येईल तेवढी.